चौदावा जिल्हा

१

छापखान्यात त्यांना सगळे टिंबबाई म्हणत. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात एकतीस वर्षं गेली, आणि त्या एकतीस वर्षांत एखादा अनुस्वार जागचा हलला तरी बाईंच्या कपाळाला आठी पडली. निवृत्त झाल्यावर लाल पेनाचं करायचं काय, हा प्रश्न इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाने सोडवला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा तो कोश. त्यातलं आपल्या देशाचं पान बाईंनी आपणहून अंगावर घेतलं आणि तिथे नाव लावलं 'टिंब'.

रोज सकाळी दहाला नवरा औषधांचं दुकान उघडायला गेला, की बाई चहाचा कप घेऊन जेवणाच्या टेबलावरच्या संगणकापुढे बसत. आदल्या दिवसात पानाला कुणी काय केलं, ते बदलांच्या इतिहासात ओळीने दिसे. सरकारच्या भक्तांनी देश 'बलाढ्य' केलेला असे, विरोधकांनी तासाभरात 'कंगाल'. एकदा कुणीतरी लिहिलं होतं, की देशातल्या सर्वांत उंच शिखरावर पहिलं पाऊल आमच्या गणिताच्या मास्तरांनी ठेवलं आणि ते अजून खाली आलेले नाहीत. बाई पोट धरून हसल्या आणि मग मास्तरांना खाली आणलं. बलाढ्यही काढलं, कंगालही काढलं. नवख्यांना त्या एकच गोष्ट कळवत: तुम्हाला काय ठाऊक आहे ते नको, संदर्भात काय आहे ते लिहा.

दोनेक महिन्यांपासून या पानावर आणखी एक हात फिरत होता. नाव नाही, खातं नाही. खातं न उघडता बदल केला, की नावाच्या जागी नुसता अंकपत्ता उमटतो, म्हणजे तुमच्या इंटरनेटच्या जोडणीचा लांबलचक आकडा. तेवढीच या माणसाची ओळख. पण काम असं स्वच्छ, की बाईंनी मान डोलवावी. 'निसर्गरम्य' काढलेलं, 'सुप्रसिद्ध' काढलेलं, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. आपल्या तोडीचं कुणीतरी भेटलं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्यासुद्धा. म्हणजे त्याच्या घरीही चहा निवत असणार, असं नवऱ्याचं उत्तर.

एका मंगळवारी याच हाताने एक आकडा बदलला होता. 'देशात चौदा जिल्हे आहेत'च्या जागी 'तेरा'. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: दुरुस्ती.

चांगल्या माणसाचाही हात घसरतो, असं म्हणत बाईंनी चौदा परत आणले. कप विसळून येईपर्यंत पुन्हा तेरा झाले होते. या वेळी संदर्भ दिला होता. इयत्ता सातवीचा भूगोल, पान एक्केचाळीस.

ते पुस्तक बाईंनीच तपासलं होतं.

२

पुस्तक कपाटात होतं. पान एक्केचाळीसवर छापलेलं होतं, 'प्रशासनाच्या सोयीसाठी देशाचे तेरा जिल्हे पाडले आहेत.'

आपल्या हातून चूक सुटली, हा बाईंचा पहिला विचार. तो त्यांना इतका लागला, की त्या तडक मागच्या खोलीत गेल्या. ही खोली म्हणजे अडगळ. तीन ट्रंका, एक मोडकी सायकल, इंटरनेटची वायर ज्या डबीत येते ती फळीवरची डबी, आणि भिंतीशी छापखान्यातून आणलेले मुद्रितांचे गठ्ठे. भूगोलाचा गठ्ठा सोडून त्यांनी ते पान काढलं. तिथे 'चौदा' छापलेलं होतं. त्यावर लाल रेघ होती आणि समासात 'तेरा' लिहिलेलं होतं. अक्षर बाईंचं. खाली सही बाईंची, सहीखालचं टिंबही त्यांचंच. शाई जुनी होऊन तपकिरी पडली होती.

मागच्या पानावर नकाशा होता. त्यावर बोट ठेवून बाईंनी दोनदा मोजलं. पूर्वेला तळ्याचा जिल्हा जिथे असायचा, तिथे अलीकडच्या आणि पलीकडच्या जिल्ह्यांच्या हद्दी एकमेकींना भिडल्या होत्या. शिंप्याने कापड आत दुमडून शिवण मारावी आणि वरून कळूही नये, तशा.

तळ्याच्या जिल्ह्यात बाईंचा धाकटा भाऊ राहत होता. सहा फूट उंच, पन्नाशीला टेकलेला, पण घरात अजून टिल्लूच. एकोणीस वर्षं तो तिथल्या वेधशाळेत होता आणि रोज सकाळी पडलेला पाऊस मोजून वहीत मांडत होता. दोन रविवारांपूर्वीच त्याच्याशी बोलणं झालं होतं.

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी त्याला फोन लावला. कानात घंटी वाजू लागली. आणि तिच्या अर्ध्या श्वासाने मागे, मागच्या खोलीतही.

आत्ताच तर त्या तिथून आल्या होत्या. फोन कानाला तसाच धरून त्या दारापर्यंत गेल्या. दार ढकललं तशी आतली घंटी थांबली आणि कानातला फोन कुणीतरी उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसतं ऐकत होतं.

खोलीत ट्रंका होत्या, सायकल होती, गठ्ठे होते. मधल्या ट्रंकेवरची धूळ तेवढी एका माणसाच्या बैठकीएवढी पुसलेली होती. मघाशी गठ्ठा सोडताना आपणच तिथे टेकलो असू, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. त्या टेकल्या नव्हत्या. जमिनीवर बसल्या होत्या.

३

अशा वेळी विचारावं असं एकच माणूस होतं. ज्ञानकोशाचे एक कारभारी, निवृत्त भूगोलशिक्षक, बाई त्यांना सर म्हणत. दोघांची गाठ कधी पडली नव्हती, पण सहा वर्षं चर्चेच्या पानावर आणि फोनवर नदीच्या लांबीवरूनसुद्धा ते भांडले होते, आणि नेहमी संदर्भ दाखवून मिटवलं होतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. पुस्तक त्यांच्याकडेही होतं. पान उघडल्याचा आवाज आला. तेराच आहेत, म्हणाले, आणि तेराच असायचे, नाही का. बाईंनी तळ्याचं नाव घेतलं. सर म्हणाले, तळं आठवतंय खरं, पण कुठे पाहिलं ते सांगता यायचं नाही, एखाद्या चित्रात असेल.

"सर, माझा भाऊ तिथे राहतो."

पलीकडे सरांनी पुस्तक मिटलं. मग, एखाद्या हुशार विद्यार्थ्याने सोपं गणित चुकवावं तशा सुरात म्हणाले, "बाई, भाऊ हा संदर्भ होत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत."

४

संध्याकाळी सातला नवरा आला, हातपाय धुऊन टेबलाशी बसला. बाईंनी दोन ताटं मांडली. त्याने उठून तिसरं घेतलं, वाढलं, वर झाकण ठेवलं आणि सहज म्हणाला, "टिल्लूला देऊन येतो. आज त्याचा आवाज नाही दिवसभर?"

बाई जागच्या हलल्या नाहीत. नवरा ताट घेऊन मागच्या खोलीत गेला. दार लागलं. आत दोन माणसं बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण एक आवाज नवऱ्याचा होता आणि दुसरा अगदी संथ होता, कागदावरून वाचल्यासारखा. दहा मिनिटांनी नवरा रिकामं ताट घेऊन आला. ताटात खरकटं नव्हतं, तेलाचा डागही नव्हता.

बाईंनी वेधशाळेची गोष्ट काढली. नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कुठली वेधशाळा, म्हणाला, टिल्लूला नोकरी लागली कुठे, एकोणीस वर्षं आपल्याकडेच तर आहे बिचारा, कुणाला त्रास नाही, काही नाही. थट्टा करताना नवऱ्याच्या डाव्या भुवईला एक बाक येई. आज भुवई सरळ होती.

बाईंच्या आईला शेवटच्या दोन वर्षांत माणसं ओळखू येत नव्हती. ते आता आपल्याकडे आलं का, हा विचार बाईंना खोलीतल्या आवाजापेक्षाही वाईट वाटला. तपासून बघावं म्हणून त्यांनी टिल्लूच्या पत्रांचा डबा काढला. फोनचा जमाना आला तरी तो महिन्याला एक पत्र टाकत असे, त्या महिन्याच्या पावसाच्या आकड्यांसकट. डब्यात पत्रं होती, पाकिटं नव्हती. एकावरही टपालाचा शिक्का नव्हता. प्रत्येक कागदाच्या एका कडेला धुळीची रेघ होती, दाराखालून सरकवल्यासारखी. आणि सगळ्यांत मजकूर एकच: ताई, इथे सगळं ठीक आहे. पाऊस नाही.

डब्याच्या तळाशी त्याचा घरातला एकमेव फोटो होता. विशीतला, नोकरीच्या अर्जासाठी काढलेला. मान किंचित वळलेली, त्यामुळे उजवा कान तेवढा दिसत होता. बाईंनी तो पर्समध्ये ठेवला. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येते, असं नवऱ्याला सांगितलं.

५

सकाळी सातची पूर्वेकडची बस अर्धी रिकामी होती. तळ्याच्या जिल्ह्याचं तिकीट मागितल्यावर कंडक्टरने विचारलं, म्हणजे अलीकडचं की पलीकडचं? बाईंनी पलीकडचं घेतलं आणि खिडकी धरली. रस्ता ओळखीचा होता. दगडाची खाण, मग विटांच्या भट्ट्या, मग उतार. उतार संपला की तळ्यावरचा लांब पूल. दर वेळी पुलावर त्या खिडकी उघडत.

उतार संपला आणि लगेच चढ लागला. डोळ्यांची पापणी लवावी तेवढ्यात बस पलीकडच्या जिल्ह्यात होती. बाई ओरडल्या नाहीत. मळमळतंय म्हणाल्या. ड्रायव्हरने कुरकुरत गाडी कडेला घेतली, कंडक्टरने पाच मिनिटं दिली.

रस्त्याच्या कडेला लोखंडाच्या दोन पाट्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. एकीवर अलीकडचा जिल्हा संपत होता, दुसरीवर पलीकडचा सुरू होत होता. मध्ये चार बोटांची फट. बाई जवळ गेल्या तेव्हा फटीतून गार वारा आला, पाण्यावरून येतो तसा ओला. त्यांनी कान लावला. आत खूप लांबवर पाणी काठाला लागत होतं. आणि माणसं बोलत होती. दोन-चार नव्हेत. भरल्या बाजारात असावीत तितकी, पण सगळी दबक्या आवाजात.

त्यांनी फोन लावला. घंटी फटीतून ऐकू आली.

"ताई?" टिल्लूचाच आवाज होता, धापा टाकत असल्यासारखा. "कुठे आहेस तू? तुला किती फोन केले. दर वेळी कुणीतरी उचलतं आणि सांगतं, मी टिल्लू बोलतोय."

 बाईंनी पाटीचा खांब धरला.

"तुला काय होतंय तिकडे? नीट सांग."

"जागा कमी होतेय. काल बाजारापर्यंत जाता येत होतं. आज सकाळी वेधशाळेच्या फाटकापर्यंतच. सगळे तळ्याकाठी आलेत, ताई. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी. उभ्याने आहेत. बसायला पुरत नाही."

बाईंनी फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला. आतून कुणीतरी बोटं धरली, थंड, ओली, ओळखीच्या जाड पेरांची. मग फट थोडी आवळली आणि बाईंना हात काढून घ्यावा लागला. मागे कंडक्टर घंटी मारत होता.

६

पहिल्या परतीच्या बसने बाई दोन वाजता घरी पोचल्या. चपला न काढता संगणकापुढे बसल्या. उभ्या आयुष्यात जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. तेरा खोडून चौदा लिहिले, संदर्भाची जागा मोकळी सोडली आणि जतन केलं.

मागच्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. त्या खोलीत खुर्ची नव्हती.

मिनिटाभरात तेरा झाले. बाईंनी चौदा केले. पुन्हा तेरा. कारणाच्या रकान्यात दर वेळी तेच, सभ्य, तटस्थ शब्द: संदर्भ द्यावा. चौथ्या खेपेला पान त्यांना आत घेईना. वर सरांची ओळ आली होती. विनासंदर्भ बदल वारंवार केल्यामुळे 'टिंब' या खात्याला एक दिवस लिहिता येणार नाही, मला वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखा.

बाईंनी खात्यातून बाहेर पडून अनामिक म्हणून चौदा लिहिले. जतन झालं. इतिहासात नवी ओळ आली, 'टिंब'च्या जागी त्यांच्या घरच्या जोडणीचा अंकपत्ता घेऊन. तिच्याखाली तेरावाल्याची मघाची ओळ होती.

अक्षर न् अक्षर जुळवायची सवय डोळ्यांना होतीच. बाईंनी दोन्ही आकडे डावीकडून उजवीकडे ताडून पाहिले. मग उजवीकडून डावीकडे. एकाही अंकाचा फरक नव्हता.

घरात जोडणी एकच होती. डबी मागच्या खोलीत.

त्या उठल्या. दार लोटलेलं होतं. आतून कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत, पुन्हा चालत. शेजारणीला हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं. पण शेजारीण आली असती आणि म्हणाली असती, काय टिल्लूभाऊ, कसे आहात? त्यांनी दार ढकललं.

मधल्या ट्रंकेवर तो दाराकडे पाठ करून बसला होता. उंच, निळ्या स्वेटरमध्ये. मांडीवर भूगोलाचं मुद्रित, हातात लाल पेन. बाईंना त्याच्या खांद्यावरून पान दिसलं. समासातल्या 'तेरा'वर ताजी रेघ ओढलेली होती. तिच्यापुढची जागा अजून कोरी होती.

"ताई," तो संथपणे म्हणाला, "संदर्भ आणलास?"

त्याने मान वळवायला सुरुवात केली. आधी उजवा कान दिसला, मग उजवा गाल, मग नाक. टिल्लूच होता, विशीतला, गुळगुळीत. मान आणखी वळली. डावा गाल नुसता मागे मागे जात राहिला. तिथे कान नव्हता, केस नव्हते. फोटोत जेवढं होतं तेवढंच होतं.

बाईंनी नजर फळीवर नेली आणि तिथेच ठेवली. तीन पावलं टाकली. दुसऱ्या पावलाला स्वेटरची लोकर त्यांच्या दंडाला घासली. हात चाचपडत डबीपर्यंत गेला, वायर सापडली, त्यांनी ती ओढून काढली.

डबीवरचा हिरवा दिवा विझला. बाई किती वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांना सांगता आलं नसतं. बाहेर टेबलावर फोन वाजला तेव्हा त्या भिंत धरत धरत गेल्या.

"ताई, पूल दिसतोय," टिल्लू म्हणाला. मागे खूप माणसांचा गलका होता. "रविवारी येतो गं. येऊ ना?"

"ये रे बाबा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

७

संध्याकाळी नवऱ्याने दोनच ताटं मांडली. टिल्लू येणार म्हटल्यावर, वर्ष झालं त्याला बघून, म्हणाला. डब्यातल्या पत्रांना पाकिटं होती आणि पाकिटांवर शिक्के. दुसऱ्या दिवशी बाईंनी वायर परत जोडली, श्वास रोखून पान उघडलं. चौदा होते. खाली सरांनी संदर्भ घातला होता, सातवीचा भूगोल, पान एक्केचाळीस, आणि बाईंना वेगळं लिहिलं होतं: माझ्याकडून वाचण्यात चूक कशी झाली कळत नाही, क्षमा असावी. तेरावाल्याची एकही ओळ इतिहासात शोधून सापडली नाही.

रविवारी अकराला टिल्लू आला. पन्नाशीचा, दाढीचे खुंट पांढरे, हातात तळ्याकाठच्या बाजारातली पिशवी. बाईंनी दारातच त्याचा हात हातात घेतला. पेरं जाड होती, ऊबदार होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. केस वाढवलेस रे, त्या म्हणाल्या. तिकडे न्हावी लांब आहे, तो म्हणाला आणि कानावरचे केस हाताने सारखे केले.

दुपारी तो जेवायला बसला, भिंतीकडच्या खुर्चीवर. नवरा रंगात आला होता. वेधशाळेचं विचारत होता, पुलाचं विचारत होता, आणि टिल्लू सगळं सांगत होता. बाई ऐकत होत्या. एकेक वाक्य खरं होतं. एकेक वाक्य त्यांना ठाऊक होतं, मार्चच्या पत्रातलं, जुलैच्या पत्रातलं, जसंच्या तसं, त्याच क्रमाने.

"पाटीपाशी भेटलो, तेव्हा खूप गर्दी होती ना तुझ्या आजूबाजूला?" त्यांनी विचारलं.

टिल्लू घास चावत राहिला. पत्रांत पाटीचं काही नव्हतं.

"ताई, इथे सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

नवरा हसत उठला. अरे भिंतीला काय चिकटून बसलायस, जरा इकडे सरक, म्हणाला, ताईला तुझ्या पलीकडे बसू दे. टिल्लू म्हणाला, इथेच बरंय. त्याचा डावा खांदा भिंतीला टेकलेला होता आणि मान जराशी वळलेली होती, नेमकी फोटोत होती तेवढीच.

बाईंच्या हातात वाढायचा डाव होता. त्यांनी तो भरून घेतला. मग त्या टेबलाला वळसा घालून गेल्या आणि भावाला उजव्या बाजूने वाढू लागल्या.